डोसवाल्या ताईंना दार उघडा

बाळंतपण सुखरूप झालं, पेढे वाटून झाले, की घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे वळतं. दूध नीट ओढतंय का, शू किती वेळा झाली, अंग पिवळं तर दिसत नाही ना. आईला काय होतंय हे विचारायला त्या दिवसांत कुणाला सवडच नसते. डॉक्टर टाके काढायला बोलावतात, मग दीड महिन्याने या म्हणतात. मधल्या काळात बाळंतिणीकडे बघायला घरी येणं हे ज्यांचं काम आहे, त्या महापालिकेच्या आरोग्य सेविका. आणि त्यांनाच आपण गेटवरून परत पाठवतो. माझ्यावर बेतलं म्हणून हे लिहिते आहे. वाचणाऱ्या एखाद्या घरात आज बाळंतीण असेल, तर हे आजच उपयोगी पडावं.

आम्ही घोडपदेवला राहतो. सासरे गिरणीत होते. न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी जे मनोरे बांधले, त्यात आम्हाला २२५ चौरस फुटांचं घर मिळालं. त्याआधी आम्ही चाळीत होतो. चाळीत आरोग्य सेविका आली की गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची. दारं उघडीच असायची. कुणाचे दिवस गेलेत, कुणाला उलट्या थांबत नाहीत, कोण माहेरून आली, हे तिला चालता चालता कळायचं. एखादीने सांगितलं नाही तर शेजारीण सांगायची. मनोऱ्यात आलो आणि लिफ्ट, वॉचमन, नोंदवही, बंद सेफ्टी डोअर हे सगळं बरोबर आलं. घर स्वतःचं झालं, संडास घरात आला, याचं सुख मोठं आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. पण सेविकेची वाट मात्र तिथेच अडली. वॉचमन इंटरकॉम लावतो, घरातून उत्तर जातं, ‘आमचं खासगीत चालू आहे, नाव लिहायची गरज नाही.’ सगळा मजला हेच सांगतो. आमच्याकडूनही हेच उत्तर गेलं होतं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, जुन्नरकडे झालं. दुसरं इथेच, एका खासगी नर्सिंग होममध्ये. सिझेरियन झालं, वेळेवर घरी सोडलं, फाईल नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. गरोदरपणात प्रेशर शेवटपर्यंत ठीक होतं. घरी येऊन आठवडा होत आला आणि डोकं दुखायला लागलं. साधं नव्हे, कपाळापासून मागे मानेपर्यंत. पायांना सूज होती, पण ती शेवटच्या महिन्यातही होती. सासूबाईंनी काही हयगय केली नाही. कानाला फडकं बांधलं, खिडकी लावून घेतली, शेक दिला, बाळंतकाढा दिला. बाळंतिणीला वारा लागला, शिवाय रात्रीची जागरणं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या तीन बाळंतपणांचा अनुभव त्यामागे होता. नर्सिंग होमला फोन केला, तर रिसेप्शनवरून सांगितलं, डॉक्टर संध्याकाळी भेटतील, तोवर तापाची गोळी घ्या.

तो पोलिओचा आठवडा होता. रविवारी बूथवर आमच्या मोठीला न्यायचं राहून गेलं होतं. बूथनंतर सेविका घरोघर येतात आणि राहिलेल्या मुलांना डोस देतात. लहान मुलांच्या डोससाठी म्हटल्यावर वॉचमनने वर सोडलं. दोघी आल्या. एकीच्या खांद्याला लसीचा निळा डबा, दुसरीच्या हातात खडू आणि यादी. मोठीला दोन थेंब पाजले, करंगळीच्या नखावर शाई लावली, दारावर खडूने खूण केली. जाता जाता त्यांतल्या मोठ्या ताईंनी आत पाहिलं आणि विचारलं, “बाळंतीण आहे का घरात?” त्या आत आल्या आणि माझ्याजवळ खालीच बसल्या. आधी बाळाला नाही, मला पाहिलं. “ताई, डोकं दुखतंय का? डोळ्यांपुढे अंधारी, चमकल्यासारखं? छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखतं?” तिन्हींना मी हो म्हटलं. मग त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. खड्डा पडला तो तसाच राहिला.

त्यांनी गोळी दिली नाही, घाबरवलंही नाही. सासूबाईंना म्हणाल्या, “आई, हे वाऱ्याचं नाही. प्रेशर बघायला पाहिजे, आत्ता.” सिस्टरला फोन लावला, बाळाला सासूबाईंकडे दिलं आणि मला घेऊन खाली उतरल्या. महापालिकेच्या दवाखान्यात प्रेशर भरलं १७०/११०. तिथून टॅक्सीने सरळ मोठ्या रुग्णालयात. तिथे शिरेतून औषधं सुरू झाली, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं दिली. मला झटके आले नाहीत. ती रात्र घरात काढली असती, तर काय झालं असतं याचा विचार डॉक्टरांनी मला करू दिला नाही, पण नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं.

हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगते. गरोदरपणात प्रेशर वाढतं हे बऱ्याच जणींना माहीत असतं. बाळंतपणानंतरही ते वाढू शकतं, आधी एकदाही वाढलेलं नसताना वाढू शकतं, हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. घरी आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात धोका सर्वांत जास्त, पण दीड महिन्यापर्यंत तो टळत नाही. १४०/९० किंवा त्याहून अधिक भरलं तर डॉक्टरांना दाखवायचं. १६०/११० म्हणजे त्याच तासाला रुग्णालय. डोकेदुखी, अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, श्वास लागणं, यांतलं काहीही असेल तर जागरणाच्या नावावर ढकलू नका. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, पोटरी एकाच पायाची सुजून दुखत असेल, तेही तसंच. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांच्याशी माझं भांडण नाही. त्या मायेनेच मी उभी राहिले. फक्त डोकेदुखीवर कानाला फडकं हे औषध नाही.

आता या ताईंविषयी थोडं, कारण त्यांना ‘डोसवाल्या बाई’ म्हणून आपण जे ओळखतो त्यात त्यांचं निम्मं कामही येत नाही. मुंबईत वस्त्यांमध्ये आरोग्य केंद्रं, म्हणजे आपण ज्यांना हेल्थ पोस्ट म्हणतो ती, १९८८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या लोकसंख्या प्रकल्पातून पसरली. गावात आशा ताई आल्या २००५ नंतर. मुंबईत आरोग्य सेविका त्याच्या कितीतरी आधीपासून चाळी आणि झोपड्या चढत-उतरत आहेत. गरोदर बाईची नोंद, लसींची यादी, क्षयरोगाच्या गोळ्या, डेंग्यूचं सर्वेक्षण, कोविडमध्ये दारोदार ताप मोजणं, सगळं त्यांच्याकडे. आणि मिळतं ते मानधन. किमान वेतनासाठी, कायम करण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं आझाद मैदानात बसावं लागलं आहे. माझ्या नडगीवरचा खड्डा ज्या अंगठ्याने ओळखला त्या अंगठ्याची किंमत शहराला कळलेली नाही, हे मी रागानेच लिहिते आहे.

या भागाला तर हे जास्त समजायला हवं. इथल्या आजे-सासवांनी गिरणीच्या खात्यात पोटुशी असताना उभ्याने काम केलं. बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणारा कायदा मुंबई प्रांतात १९२९ साली झाला, देशात पहिल्यांदा. १९२८ मध्ये कायदेमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. परळचं वाडिया प्रसूतिगृह १९२६ चं, तेही गिरणगावच्या बायांसाठी. एवढं सगळं आपल्या दाराशी असताना, मनोऱ्यात आलो म्हणून सरकारी सेविकेची गरज संपली, असं आपण धरून चाललो आहोत.

गरज संपलेली नाही, फक्त तिची जागा बदलली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे दवाखान्यात पोहोचण्याची लढाई आपण बहुतेक जिंकली. त्याच पाहणीत राज्यातल्या ४५.७ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. रोजचं खाणं, रोजची गोळी, घरी आल्यावरचे दिवस, हे सगळं दवाखान्याबाहेर घडतं. तिथे डॉक्टर नसतात. तिथे पोहोचतात त्या सेविकाच.

तेव्हा काय करायचं ते सांगते. दिवस गेल्याचं कळलं की बारा आठवड्यांच्या आत आपल्या हेल्थ पोस्टला नाव नोंदवा, दाखवायचं कुठेही असो. खासगी डॉक्टरांना यात कमीपणा नाही, तुम्हालाही नाही. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, त्यात प्रेशर, वजन, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं लिहून घ्या. खासगीतल्या तपासण्याही त्यावर उतरवून घ्या, कारण रात्री-अपरात्री दुसऱ्याच रुग्णालयात जावं लागलं तर फाईल घरी राहते, कार्ड पर्समध्ये असतं. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात निदान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर तेवढेच दिवस घ्यायच्या असतात. चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. शी काळी होते, घाबरून बंद करू नका. मळमळलं तर ताईंना सांगा, रात्री जेवणानंतर घ्यायला सांगतील.

नोंदणीचा आणखी एक फायदा, जो खासगीत जाणाऱ्या अनेक जणी गमावतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेली घरंही त्यात बसतात. त्यासाठी वेळेत झालेली नोंद आणि ते कार्ड लागतं. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण मोफत असल्याचा नियम २०११ पासून आहे. हे सगळं दारात येऊन सांगणारी बाई तीच.

पहिलटकरीण माहेरी जाते तेव्हा सगळ्यात मोठा घोटाळा होतो. मी स्वतः सातव्या महिन्यात ओटी भरून गेले, तेव्हा इथली नोंद इथेच राहिली आणि गावच्या आशा ताईला माझं नाव कळलं ते बारशाला. निघायच्या आधी सेविकेला सांगा, कार्ड बरोबर न्या, गावी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या आशा ताईला आणि उपकेंद्राच्या सिस्टरला कार्ड दाखवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा ताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. ती आली नाही तर हक्काने बोलवा. ती बाळाचं वजन करायला आली तरी तुम्ही तिला तुमचं सांगा. विचारायची वाट बघू नका.

घरातल्या सासवांना, जावांना एक विनंती. सेविका आली की पाणी देऊन दारातच बोलू नका. बाळंतिणीला तिच्याशी पाच मिनिटं एकटीला बोलू द्या. टाक्याचं दुखणं, लघवीची जळजळ, रडू येणं, पुन्हा इतक्यात दिवस नकोत हे, यांतलं काही सगळ्यांसमोर निघत नाही. दारूखान्याकडच्या, रे रोडच्या झोपड्यांत राहणाऱ्या बायका ताईंशी जितक्या मोकळ्या बोलतात, तितक्या आम्ही फ्लॅटवाल्या बोलत नाही.

सोसायट्यांनी करण्यासारखं काम सोपं आहे. तुमची इमारत कोणत्या हेल्थ पोस्टच्या हद्दीत येते ते विचारून घ्या, सेविकेचं नाव आणि तिचा नंबर तिच्या परवानगीने नोटीस बोर्डावर लावा, ओळखपत्र दाखवल्यावर तिला वर सोडायचं हे वॉचमनला लेखी द्या. आमच्याकडे दोन सभा यावरच झाल्या. काहींना सुरक्षेची काळजी होती, ती रास्त होती. ओळखपत्राची अट त्यातूनच आली. एका विंगमध्ये अजून तयार नाहीत. तिथे सध्या दोन गरोदर बायका आहेत, आणि ताईंना वर सोडत नाहीत तोवर त्या दोघी खाली उतरून गेटजवळच्या बाकावर त्यांच्याशी बोलतात. सिस्टर महिन्यातून एकदा प्रेशरचं मशीन घेऊन तिथेच येतात.

रात्री काही झालं तर सेविकेची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा टॅक्सी करा. घोडपदेवहून जे.जे., नायर, केईएम आणि वाडिया, चारही आटोक्यात आहेत. गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच सांगा की बाळंत होऊन इतके दिवस झालेत. पुढे आलेलं पोट आता दिसत नाही, बाळ घरी असतं, आणि आपण सांगितलं नाही तर समोरच्याला ते कळायला वेळ लागतो.