आधी पाण्याचा फोटो, मग सुई

माझं माहेर शिरूरचं, सासर दौंडचं. पुण्यात एमआरआय टेक्निशियन आहे. स्तनाच्या एमआरआयला शिरूर-घोडनदीहून एसटीने आणि दौंडहून डेमूने बायका येतात, तेव्हा त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. त्यांना दुसरी फेरी पडू नये, म्हणून कामातून शिकलेलं इतर टेक्निशियनांना सांगते.

१. डिफ्यूजन म्हणजे पाण्याची हालचाल; ती टिपणाऱ्या प्रतिमांनाही आम्ही डिफ्यूजनच म्हणतो. सकाळच्या दौंड-पुणे गाडीत माणसाला पाऊल हलवायला जागा नसते. दाट पेशींच्या गाठीत पाण्याच्या रेणूंचं तसंच होतं. ही हालचाल आम्ही ‘एडीसी’ या आकड्यात मोजतो. कॅन्सरच्या गाठीत तो बहुधा कमी येतो.

२. डिफ्यूजन आधी, कॉन्ट्रास्ट नंतर. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेत सुईने दिलेलं गॅडोलिनियम. ते रक्तवाहिन्या भरपूर असलेल्या गाठीत पटकन शिरतं आणि तिथल्या पाण्याचा सिग्नल बदलतं. त्यामुळे एडीसी थोडा घसरू शकतो. काही अभ्यासांत ही घट दिसली, काहींत फरक आढळला नाही. शंकेला जागाच नको, म्हणून क्रम पाळायचा.

३. क्रम मोडला तर लिहून ठेवा. एकदा रुग्ण हलल्याने डिफ्यूजनच्या प्रतिमा बिघडल्या. सुई दिल्यावर मी त्या पुन्हा घेतल्या, पण नोंद केली नाही. डॉक्टरांनी प्रतिमांवरच्या वेळा पाहून विचारलं, तेव्हा मनाला लागलं. कॉन्ट्रास्टनंतरचं डिफ्यूजन टाकाऊ नसतं, वाचता येतं. मात्र वाचणाऱ्याला ते ठाऊक हवं. तेव्हापासून सुईची वेळ शीटवर लिहिल्याशिवाय मी रुग्णाला टेबलावरून उठवत नाही.

४. केमोच्या रुग्णांत हे जास्त जपा. औषध लागू पडलं की पेशी मरतात, पाण्याला मोकळीक मिळते, एडीसी वाढतो. पहिली तपासणी सुईआधी आणि दुसरी सुईनंतर केली, तर ही वाढ झाकली जाऊ शकते. दोन्ही वेळी क्रम आणि बी-व्हॅल्यू (डिफ्यूजन किती जोरात टिपायचं, ते ठरवणारा आकडा) एकच ठेवा. आम्ही बहुतेक ० आणि ८०० घेतो.

५. डिफ्यूजन कॉन्ट्रास्टची जागा घेत नाही. गाठ शोधण्यात कॉन्ट्रास्टचा एमआरआय अजूनही सरस आहे. किडनी फार कमजोर असेल किंवा बाई गरोदर असेल, तर सुई टाळण्याचा विचार होतो. तेव्हा डिफ्यूजनचा आधार मोठा.

६. रुग्णाला आधी सांगा. शिरूरकडच्या एक मावशी पालथ्या झोपल्या होत्या, हाताला सुईची नळी लावलेली. डिफ्यूजनची घरघर सुरू झाली, टेबल थरथरलं आणि त्यांनी हातातलं बझर दाबलं. मी आत जाऊन पाठीवर हात ठेवला. म्हटलं, “मावशी, आत्ता फक्त पाण्याचा फोटो. सुई नंतर, आणि सांगूनच.” पुढची चार मिनिटं त्या जराही हलल्या नाहीत.

आता तपासणीला येणाऱ्या बायांनो, येताना जुने रिपोर्ट, सीडी आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर किडनीसाठीच्या क्रिएटिनिन तपासणीचा रिपोर्ट आणा. पाळी सुरू असणाऱ्यांना सातव्या ते चौदाव्या दिवसातली वेळ बरी, पण गाठीचा संशय असेल तर तारखेसाठी थांबू नका. किडनीचा त्रास, गरोदरपण, आधीच्या सुईची रिअ‍ॅक्शन, यातलं काही असेल तर टेबलावर चढण्याआधी सांगा. सुई दिल्यावर कळून उपयोग नाही.