रंधा आणि ढोरवाट

माझे थोरले मामा सुतार. जुन्नरला त्यांचं दुकान होतं. वय झालं तसं दुकान बंद केलं, पण डोंगर सोडला नाही. गेल्या आषाढात ते गेले. त्यांच्या दुकानात आणि त्यांच्यामागून नाणेघाट, हरिश्चंद्रगड, कळसूबाई हिंडताना जे शिकलो, ते हे.

१. पावसाळ्यात अडकलेल्या दाराला रंधा मारू नये. लाकूड ओल पिऊन रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. श्रावणात तासलेल्या दाराला उन्हाळ्यात फट पडते. मामा गिऱ्हाइकाला सांगत, "दिवाळीनंतर बोलवा." धंदा बुडतो म्हणून मामी चिडायची, दिवाळीनंतर निम्मी दारं आपोआप लागू लागायची.

२. हात कापते ती बोथट पटाशी. धार नसली की जोर लावावा लागतो, आणि जोरात घसरलेली पटाशी आवरत नाही. म्हणून सकाळचं पहिलं काम धार लावायचं.

३. ढोरवाट ओळखावी. गुरं चाऱ्यामागे फिरतात. त्यांची वाट चांगली मळलेली दिसते आणि झाडीत जाऊन विरते. वाट विरली की पुढे रेटायचं नाही. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मुकाट मागे यायचं.

४. कारवीला नुसतं फुलांसाठी पाहू नये. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा गर्दी होते. मामा एरवीही तिच्यापाशी थांबत. तिच्या काठ्यांचा कूड विणून, वर शेणमाती लिंपून डोंगरातली घरं उभी राहिली. "आपल्याआधीचा सुतारमाल हा," म्हणायचे.

५. कड्याला आग्या मोहोळ असेल तर खाली चूल पेटवायची नाही, अंगाला अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच. माश्या उठल्या तर पळायलाही जागा नसते.

६. चढतानाच उतरायचा वेळ धरावा. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पण माणसं घसरतात ती दमून उतरताना. शिड्यांवर मामा शिडीकडे तोंड करूनच उतरत, मागचे कितीही घाई करोत.

७. अवजार वापरात राहिलं तरच टिकतं. पडून राहिलेल्या रंध्याच्या पात्याला गंज चढतो. मामांची पेटी आम्ही आयटीआयत सुतारकाम शिकणाऱ्या एका मुलाला दिली. तुमच्या घरात अशी पेटी माळ्यावर असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी असा एखादा शिकणारा शोधा.