रिपोर्ट नॉर्मल आला तरी

कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा, रुग्ण घरात असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हात थरथरू लागतो तेव्हा आजार सुरू होत नाही, तेव्हा तो फक्त दिसू लागतो. आणि थरथर गोळीने आटोक्यात आली म्हणून तो थांबतही नाही. आमच्या घरी हे फार उशिरा उमगलं. तुमचा वेळ तसा जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या यजमानांचा उजवा खांदा आखडला होता. चालताना उजवा हात हलेनासा झाला. सही इतकी बारीक होत गेली की जुळत नाही म्हणून बँकेने पेन्शनचा कागद परत केला. मेंदूचा एमआरआय काढला, तो नॉर्मल आला. मग खांद्यावरच शेक आणि व्यायाम सुरू राहिले. पुढे न्यूरॉलॉजिस्टनी त्यांना खोलीत चालवून पाहिलं आणि अंगठा व तर्जनी भराभर एकमेकांवर आपटायला सांगितली. डाव्या हाताला ते जमलं. उजव्या हाताची बोटं मात्र दर खेपेला कमी उघडत गेली आणि शेवटी अडखळली. निदान झालं ते या तपासणीतून.

मग एमआरआय नॉर्मल कसा? मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक लहानसा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात. कंपवातात या पेशी मरत जातात आणि पट्टा फिका पडतो, पण नेहमीच्या एमआरआयमध्ये सुरुवातीला हे सहसा दिसत नाही. तो काढतात तो मुख्यतः पक्षाघात, गाठ किंवा मेंदूत साठलेलं पाणी नाही ना, हे पाहण्यासाठी. शंका उरलीच तर डॉक्टर ट्रोडॅटसारखा वेगळा स्कॅन सांगतात. त्यात डोपामिनच्या मज्जातंतूंची स्थिती कळते. हालचालींची लक्षणं ठळक होईपर्यंत काळसर पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पेशी गेलेल्या असतात.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हायको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये या आजाराच्या प्रसाराचे सहा टप्पे मांडले. पेशींत अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, त्यांना लेवी बॉडी म्हणतात. ब्राक यांच्या मांडणीनुसार या गुठळ्या आधी वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या देठाच्या तळाशी दिसतात, तिसऱ्या टप्प्यात काळसर पट्ट्यात, आणि शेवटी मेंदूच्या बाहेरच्या थरात. प्रत्येक रुग्णाचा आजार याच क्रमाने जातो असं नाही. तरीही आमच्या घरातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा मला इथे झाला. गॅसवर दूध करपलं तरी यांना शेजारी बसून वास येत नसे. बद्धकोष्ठता जुनी होती. झोपेत ओरडणं, लाथा झाडणं तर खांदा आखडण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. या तक्रारींमागे कंपवातच असतो असं नाही. पण त्या एकत्र दिसल्या आणि हालचालही मंदावली, तर डॉक्टरांना सगळ्या एका दमात सांगा.

पुढे लेव्होडोपाने यांना खूप आराम पडला. पण ही गोळी डोपामिनची उणीव भरून काढते, मरणाऱ्या पेशी वाचवत नाही. पेशी होत्या तोवर डोपामिन साठवून ठेवण्याची सोय होती. त्या कमी झाल्या की टाकी नसलेल्या घरासारखी गत होते, नळ येईल तेवढ्याच वेळात पाणी. म्हणून पुढच्या काळात गोळीचा असर लवकर उतरतो आणि वेळेला फार महत्त्व येतं. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं गोळीच्या शोषणात आड येतात, तेव्हा गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोळी मनाने एकदम बंद करू नका. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतं. त्यांचं चूर्ण घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

काही वर्षांनी यांना गॅलरीत मुलं बसलेली दिसू लागली. "अगं, त्यांना खाऊ दे," म्हणायचे. आजार मेंदूच्या बाहेरच्या थराकडे सरकला की विचार, स्मृती आणि दृष्टीचा अर्थ लावणं यांवर परिणाम होतो. कंपवाताच्या औषधांनीही भास वाढू शकतात. अशा वेळी वाद घालू नका, थट्टाही करू नका. आणि गोंधळ अचानक वाढला तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता हे तपासून घ्या.

यांना असाच जंतुसंसर्ग झाला तेव्हा एका रुग्णालयात रात्री शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉल दिलं गेलं. सकाळी यांना कूसही वळवता येईना, पाण्याचा घोट गिळता येईना. हे औषध डोपामिनचंच काम अडवतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, पित्ताच्या गोळ्यांत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड आणि चक्करेसाठीचं सिनारिझिन यांनीही कंपवात बिघडू शकतो. ही नावं एका कागदावर लिहा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावा. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात की तो कागद आधी दाखवा.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. तिथे रुग्ण आणि घरचे एकमेकांना भेटतात, व्यायाम करतात. अशा ठिकाणी लवकर जा. चालणं, बोलण्याचे व्यायाम, नाच, काहीही चालेल, पण रोज शरीर हलतं ठेवा.

मेंदूत होणारा बदल आपल्याला परतवता येत नाही. पण त्याची खूण वेळेवर ओळखणं, औषधाची वेळ पाळणं आणि चुकीचं औषध टाळणं, हे तिन्ही घरच्यांच्या हातात आहे. तेवढं तरी चुकू देऊ नका.