सोडलेल्या श्वानाचा दोष कोणाचा?

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वपरिचित आहे. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आला. पारधी त्यास मागू लागले. शरण आलेला जीव देण्याचे स्वामींनी नाकारले. या लीळेच्या चिंतनात सशाचे रक्षण मुख्य होय. परंतु तीत आणखी एक विचार आहे : स्वामींनी बोध केला तो पारध्यांना, कुत्र्यांना नव्हे.

अशाच स्वरूपाचा वाद इंग्लंडातील न्यायासनापुढे आला होता. तेथील एक्समूर या माळरानावर कुत्र्यांचा जथा सोडून, घोड्यांवरून पाठलाग करीत हरणांची शिकार करण्याची जुनी रूढी होती. या क्रूर खेळास विरोध करणाऱ्या एका संस्थेने हरणांना आश्रय मिळावा म्हणून तेथे जमिनी विकत घेतल्या. अशी २३ क्षेत्रे होती. पण ती विखुरलेली होती. शिकारीची कुत्री त्यांत शिरू लागली.

शंका : कुत्र्यास शेताची सीमा कळत नाही. तो गंधामागे जाणारच. मग धन्यास दोष कसा लागावा?

समाधान : १९८५ साली न्यायमूर्ती पार्क यांनी या वादात निर्णय दिला. कुत्री परक्या भूमीत शिरावीत असा शिकारप्रमुखाचा हेतू असेल, अथवा त्यांना आवरण्यात त्याने हयगय केली असेल, तर अतिक्रमणाचे दायित्व त्याचेच. कुत्री आवरणे अशक्य आहे हे जाणूनही जो त्या भूमीजवळ वारंवार शिकार मांडतो, त्याच्या वर्तनावरूनच हेतूचे अनुमान होते. म्हणजे कुत्र्याचे अज्ञान धन्यास सोडवीत नाही. उलट ते जाणणाऱ्या धन्यास अधिक बांधते.

शंका : आत गेलेले कुत्रे धन्याने परत आणू नये काय?

समाधान : अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचा कायदा त्यासाठी मनाई असलेल्या जमिनीतही जाऊ देतो. मात्र पाठलाग अन्यत्र सुरू झालेला असावा, आणि हरणाच्या शिकाऱ्याने बंदूक वा धनुष्य आत नेऊ नये. याने परत आणण्याचा प्रश्न सुटतो, सोडण्याचा सुटत नाही. म्हणून तेथील जमीनमालकांची तक्रार शमलेली नाही.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. अतिक्रमणाच्या न्यायात अपराध भूमीच्या धन्याचा होतो, हरणाचा नव्हे. धन्याने संमती दिली की तो दोषच उरत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २००४ चा शिकार कायदा १८ फेब्रुवारी २००५ रोजी लागू झाला, तेव्हा काही अपवाद वगळता कुत्र्यांकरवी वन्य सस्तन प्राण्यांची शिकार हाच अपराध ठरला. सशास मात्र आश्रय मिळाला तो कोणाच्या मालकीच्या बळावर नव्हे, शरण येण्यामुळे.

तात्पर्य, स्वहस्ते न मारणे एवढ्यानेच अहिंसा पूर्ण होत नाही. राखणीस कुत्रे पाळणाऱ्या गृहस्थाने ते कोणामागे धावते हे पाहावे, आणि साखळी सोडण्यापूर्वीच पाहावे.