डबा तसाच परत आला तर

मीरा रोडच्या एका आईंचा फोन आला तो मुलीच्या मार्कांसाठी. मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला, वॉर्डातलं पोस्टिंग नुकतंच सुरू झालेलं. बोलता बोलता म्हणाल्या, "आठ दिवस झाले, डबा तसाच परत येतोय." मार्कांचा विषय मी तिथेच थांबवला.

मुलीशी बोलल्यावर कळलं ते असं. तिने एका आजोबांची केस घेतली होती. गाव कुठलं, खोकला कधीपासून, बिडी किती वर्षं, सगळं वहीत उतरवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली तर पलंग रिकामा, चादर बदललेली. कोणी काही बोललं नाही. राऊंड पुढच्या पलंगाशी गेला, सरांनी तिला प्रश्न टाकला, उत्तर सुचलं नाही, मग पेशंटसमोरच झाडलं. संध्याकाळी भाईंदर लोकलमध्ये उभ्याने घरी आली, तर दारातच पहिला प्रश्न : "इंटर्नलचा निकाल लागला का?"

नीटच्या क्लासने दोन वर्षं सगळं घोटून घेतलं, रिकाम्या पलंगाला सामोरं कसं जायचं हे सोडून. नर्सिंगच्या मुलींवर तर ही वेळ पहिल्याच वर्षी येते आणि त्यांची विचारपूस त्याहून कमी होते.

ही मुलगी एकटी नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल ऑगस्ट 2024 मध्ये आला. ऑनलाइन पाहणीत उत्तरं देणाऱ्या एमबीबीएसच्या मुलांपैकी 27.8 टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास काम, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस त्यात आहे. 74 तासांना कमाल मर्यादा म्हणावं लागतं, यातच सगळं आलं.

आपल्याकडे यात प्रवासाची भर पडते. "घरचं जेवण मिळेल, हॉस्टेल कशाला?" हे वाक्य मी मीरा-भाईंदरमध्ये शेकडो वेळा ऐकलंय. नायरला जायचं तर मुंबई सेंट्रल गाठायचं, केईएमला परळ. रिक्षाची रांग आणि विरार लोकलमध्ये न मिळणारी जागा धरली तर येण्याजाण्याचे तीन तास सहज जातात, आणि ते झोपेतूनच जातात. निदान नाईट ड्युटीच्या महिन्यांत तरी मुलाला कॉलेजजवळ राहू द्या. घरच्या पोळीपेक्षा दोन तासांची झोप त्याला जास्त लागते.

अजून प्रवेशाचा फॉर्म भरायचा असेल तर एक करून पाहा. एका सकाळी मुलाला घेऊन टेंभ्याच्या, म्हणजे भीमसेन जोशी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर तासभर बसा. रांग, रडारड, फिनेलचा वास. घाबरवायला नव्हे, बघायला. प्रवेश घेताना फी विचारता तसं हेही विचारा : समुपदेशक कॉलेजात रोज बसतो की नाव फक्त फलकावर आहे? साप्ताहिक सुट्टी खरंच मिळते का? हे सिनियर मुलांना कँटीनमध्ये विचारलेलं बरं.

घरी मात्र कमी विचारा. "आज वॉर्डात काय झालं?" एवढं पुरे, आणि उत्तर आलं नाही तर चहा ठेवा. "आमच्या वेळी" हे शब्द टाळा. झोप उडाली, जेवण सुटलं, मूल सतत चिडतंय किंवा गप्प आहे, असं दोन आठवडे चाललं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जगण्यात अर्थ नाही असं बोललं, तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट, मराठीतही बोलता येतं. "रेकॉर्डवर येईल, करिअर जाईल" ही भीती बहुतेक पालकांना असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि निदान झालं म्हणून कोणी डॉक्टर व्हायचं थांबत नाही.

त्या आईंनी निकालाचं विचारणं सोडलं. संध्याकाळी स्टेशनबाहेर जाऊन उभ्या राहू लागल्या. मायलेकी चालत घरी येतात, कधी बोलतात, कधी नाही. कॉलेजच्या समुपदेशकाकडेही मुलगी चार वेळा जाऊन आली. परवा फोनवर म्हणाल्या, डब्यात फक्त कारल्याची भाजी उरली होती. ती तिला लहानपणापासून चालत नाही.