पॅकेजपूर्वीची मशागत: धान प्रयोगांच्या विश्लेषणासाठी ‘आर’ भाषेची पूर्वतयारी

भिलाईची ओळख पोलादाच्या कारखान्यामुळे झाली असली, तरी शहराच्या वेशीबाहेर दुर्ग जिल्ह्याच्या धानाच्या बांध्या सुरू होतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, राजनांदगाव आणि दुर्ग या धानपट्ट्यातून राज्याची सीमा गेली असली, तरी येथील शेतीचे प्रश्न बरेचसे सारखे आहेत. त्यामुळे एका ठिकाणच्या वाणचाचणीसाठी लिहिलेली विश्लेषणाची आज्ञावली दुसऱ्या ठिकाणीही वापरली जाते. नव्या संगणकावर ती अडते. क्वचित न अडता निराळे उत्तर देते. दोष आकडेवारीत नसून भाषेच्या मांडणीत असतो.

‘आर’ आणि पॅकेज

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ ही संख्याशास्त्रीय भाषा घडविली. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य आहे. विशिष्ट कामांची साधने ‘पॅकेज’ या रूपात ‘क्रॅन’ या भांडारातून मिळतात. पेरूतील फेलिपे दे मेंदिबुरू यांचे ‘अ‍ॅग्रिकोली’ हे क्षेत्रप्रयोगांचे आराखडे व वाणांची तुलना यांसाठी सर्वत्र वापरले जाते. मात्र चिखलणीपूर्वी रोवणी होत नाही, तसेच भाषेची मांडणी तपासल्याविना पॅकेज घेऊ नये.

पूर्वतयारीचा क्रम

१. संगणक तपासावा. आर ४.२.० पासून विंडोजवर ३२ बिट प्रणालीचा आधार बंद झाला आहे. जुन्या कार्यालयीन संगणकावर ही बाब प्रथम पाहावी.

२. आवृत्ती पाहावी. ‘पॅकेज या आवृत्तीसाठी उपलब्ध नाही’ असा संदेश आल्यास इंटरनेटला दोष देऊ नये. बहुधा ‘आर’ची आवृत्ती जुनी असते किंवा पॅकेजचे नाव लिहिताना चूक झालेली असते.

३. देवनागरीची सोय पाहावी. गावांची व वाणांची नावे देवनागरीत असलेली फाइल विंडोजवरील जुन्या आवृत्त्यांत विस्कळीत दिसते. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० पासून, विंडोज १० च्या १९०३ किंवा पुढील आवृत्तीवर, यूटीएफ-८ ही संकेतप्रणाली मूळ म्हणून वापरली जाते व ही अडचण बरीच दूर होते.

४. पॅकेजचे स्थान ठरवावे. सामाईक संगणकावर मुख्य फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसल्यास ‘आर’ वैयक्तिक ग्रंथालय तयार करण्याविषयी विचारते. त्यास होकार द्यावा. हे ग्रंथालय आवृत्तीनिहाय असते. ४.३ साठी घेतलेली पॅकेजेस ४.४ मध्ये आपोआप सापडत नाहीत, ती पुन्हा घ्यावी लागतात.

५. ‘आरटूल्स’ गरजेपुरते घ्यावे. विंडोजवर बहुतेक पॅकेजेस तयार स्वरूपात मिळतात. मूळ संहितेपासून पॅकेज बांधायचे असेल तरच ‘आरटूल्स’ लागते आणि ते ‘आर’च्या आवृत्तीशी जुळणारे असावे लागते.

६. प्रत्येक प्रयोगाला स्वतंत्र फोल्डर द्यावा. आकडेवारी, आज्ञावली व निष्कर्ष त्यातच ठेवावेत. त्यानंतरच पॅकेज स्थापित करावे.

आवृत्तीची नोंद का हवी?

धानाच्या सहा वाणांची चार पुनरावृत्त्यांत यादृच्छिक गट आराखड्याने चाचणी घेतली, असे समजू. एकूण २४ वाफ्यांत कोणता वाण कोठे, हे संगणकाने एका ‘सीड’ अंकावरून ठरविले. पावसात पाट्या वाहून गेल्या व आराखड्याचा कागदही हरवला, तर तोच अंक देऊन आराखडा पुन्हा काढता येतो. परंतु २०१९ मधील आर ३.६.० पासून यादृच्छिक निवडीची मूळ पद्धत बदलली. म्हणून जुन्या आवृत्तीत वापरलेला अंक नव्या आवृत्तीत दिल्यास वेगळाच क्रम मिळतो. संगणक कोणतीही सूचना देत नाही आणि एका वाणाचे उत्पादन दुसऱ्याच्या नावावर जमा होते. शिफारस चुकली की त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

दुसरा बदल ४.० आवृत्तीतील आहे. पूर्वी फाइलमधील मजकुराचे स्तंभ आपोआप ‘फॅक्टर’, म्हणजे गटवाचक, मानले जात. २०२० पासून तसे होत नाही. वाणांना १ ते ६ असे अंक दिले असतील, तर कोणत्याही आवृत्तीत तो स्तंभ गटवाचक असल्याचे स्पष्ट सांगावे लागते.

कसोटी

मांडणी पूर्ण झाल्यावर आधी हाताने सोडविलेल्या एका जुन्या प्रयोगाचे विश्लेषण करून पाहावे. वरील उदाहरणात प्रसरण विश्लेषणाच्या तक्त्यात स्वातंत्र्यांश पुनरावृत्तींसाठी ३, वाणांसाठी ५, त्रुटीसाठी १५ व एकूण २३ यावयास हवेत. वाणांसमोर १ दिसल्यास संगणकाने वाणांचे क्रमांक मोजमाप समजून वापरले आहेत, हे ओळखावे. असा निष्कर्ष ग्राह्य धरू नये.

प्रयोगवहीत नोंदवावयाच्या बाबी

- ‘आर’ची पूर्ण आवृत्ती
- वापरलेली पॅकेजेस व त्यांच्या आवृत्त्या (‘सेशन इन्फो’ ही आज्ञा दोन्ही माहिती एकत्र देते)
- आराखड्याचा ‘सीड’ अंक
- आराखडा तयार केल्याचा दिनांक व त्याची छापील प्रत

पेरणीची तारीख व खताची मात्रा यांच्याशेजारी या चार नोंदी असल्यास भिलाईलगतच्या बांधीतील प्रयोग सिंदेवाहीच्या संगणकावरही तेच उत्तर देईल. हंगाम चालू असताना आवृत्ती बदलू नये. बदल करावयाचा झाल्यास मळणीनंतरचे विश्लेषण संपल्यावर करावा आणि वरील कसोटी पुन्हा घ्यावी.