चढलं की गेलं? धुण्यातल्या गोंधळासाठी एक प्रश्न आणि दगडी कमानींचा धडा



आजचा धडा घरून धुण्या-इस्त्रीचं काम घेणाऱ्यांसाठी आहे. होस्टेलच्या मुलांचे कपडे, शेजारच्या सोसायटीतली धुणी, लग्नानंतरच्या साड्या असं काम आपल्यापैकी बरेच जण करतात. जे फक्त घरचं धुणं करतात, त्यांनाही यातलं निम्मं तरी उपयोगी पडेल.

धड्याच्या नावात दगडी कमानी पाहून काही जणांना प्रश्न पडला असेल. सांगतो. नुकसान झाल्यावर काय दुरुस्त करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे मला अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वालुकाश्माच्या, म्हणजे वाळूच्या खडकाच्या कमानींबद्दल वाचताना जास्त स्पष्ट झालं. तिथे जाऊच, पण आधी बादलीपाशी थांबू.

समजा, असं झालं

एक ताई होस्टेलचं धुणं घेतात. रेट किलोला ६० रुपये. ८ किलोच्या लोडचे ४८० रुपये येतात. पावडर, पाणी, वीज, इस्त्री आणि पोहोचवण्याचा खर्च ३०० धरला, तर हातात १८० उरतात.

एका लोडमध्ये बारा पांढऱ्या शर्टांबरोबर एक लाल ओढणी गेली. मशीनचं झाकण उघडलं तर सगळे शर्ट गुलाबी! त्यातला एक शर्ट जरी ७२० रुपयांना भरून द्यावा लागला, तरी चार लोडची कमाई गेली. बाराच्या बारा भरून द्यायचे म्हटले तर ८,६४० रुपये, म्हणजे ४८ लोड. आणि होस्टेलने काम काढून घेतलं, तर महिन्याचं बांधलेलं उत्पन्नच गेलं.

अशा वेळी माणूस घाबरून काय करतो? हाताला लागेल ते ओततो. ब्लीच, लिंबू, सोडा, गरम पाणी, सगळं एकदम. खरं नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. ओढणीने फक्त रंग लावलेला असतो, कापड जातं ते नंतरच्या घाईत.

आधी एकच प्रश्न विचारा

कपड्यावर काही चढलं आहे, की कपड्यातून काही गेलं आहे?

चढलं म्हणजे दुसऱ्याचा रंग, हळद, शाई, गंज, खिशातल्या कागदाचा चुरा, जड पाण्याचा पांढरा थर. कापड शाबूत आहे, त्याच्यावर पाहुणा बसलाय. पाहुण्याला बऱ्याचदा उठवता येतं.

गेलं म्हणजे ब्लीचने उडालेला मूळ रंग, इस्त्रीने वितळलेलं पॉलिस्टर, गरम पाण्यात आटलेली लोकर, झिजून पडलेलं भोक. इथे कापडच बदललंय. जे गेलं ते कोणत्याही पावडरने परत येत नाही.

हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात. पण पुढचे दोन तास आणि पैसे कुठे घालायचे, ते त्यावर ठरतं.

चढलं असेल तर

पहिला नियम: वाळू देऊ नका आणि उष्णता देऊ नका. ड्रायर नको, इस्त्री नको. उष्णतेने बरेच डाग घट्ट बसतात. रक्ताच्या डागाला तर सुरुवातीला थंडच पाणी.

दुसऱ्या कपड्याचा रंग लागला: रंग सोडणारा कपडा लगेच बाजूला काढा. पांढरे सुती कपडे ओले असतानाच पुन्हा धुवा. रंग उरला तर ऑक्सिजन ब्लीच पाकिटावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात विरघळवून कपडे काही तास भिजवा. क्लोरीन ब्लीच फक्त पांढऱ्या सुतीसाठी, तेही शेवटचा उपाय म्हणून. लोकर, रेशीम आणि ताणला जाणारा स्पॅन्डेक्स यांना क्लोरीन ब्लीच अजिबात लावू नका, ते खराब होतात.

हळद: हळदीचा डाग साबण लावल्यावर लालभडक होतो आणि कस्टमर ओरडतो, "अहो, तुम्ही डाग वाढवलात!" वाढलेला नसतो. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थात लाल होतं. नीट खंगाळलं की परत पिवळं दिसतं. हे रंगद्रव्य उन्हात फिकं पडतं, म्हणून धुतल्यावर पांढरा सुती कपडा कडक उन्हात वाळत घाला. एका उन्हात गेला नाही तर दुसरं ऊन द्या. हे कस्टमरला आधीच सांगून ठेवलं तर भांडण होत नाही.

बॉलपेनची शाई: डागाखाली जुना पांढरा कपडा ठेवा. वरून स्पिरिट किंवा सॅनिटायझर कापसाने टिपत राहा. चोळू नका, शाई पसरते. आधी आतल्या शिवणीवर थोडं लावून बघा.

गंज: लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग धुवा. रंगीत कपड्यावर आधी कोपऱ्यात बघा, लिंबाने रंगही फिका पडू शकतो. गंजावर क्लोरीन ब्लीच लावू नका, डाग आणखी पक्का होतो.

खिशातला कागद: ओल्यावर खरडत बसू नका. कपडे वाळू द्या, मग झटका. बराचसा चुरा आपोआप पडतो.

आणि हे पाठच करा: क्लोरीन ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळायचं नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत जीवावर बेतू शकतं. शर्ट ७२० रुपयांचा आहे, फुप्फुसं तुमची आहेत.

गेलं असेल तर: आता कमानींकडे

युटामधल्या आर्चेस नॅशनल पार्कमध्ये २,००० हून जास्त नैसर्गिक कमानींची नोंद आहे. खडकातलं भोक कोणत्या तरी एका दिशेने किमान ३ फूट असेल, तरच त्याला कमान म्हणून मोजतात. आपल्याकडे राजगडावर, रतनगडावर जे नेढं बघायला आपण चढून जातो, तसाच प्रकार. फरक इतकाच की आपला दगड काळा बेसाल्ट आणि तिथला तांबूस वालुकाश्म.

या वालुकाश्मात वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले असतात. चिकटवणारा पदार्थ मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. धुणंवाल्यांनो, हा आपल्या ओळखीचा आहे! बोअरच्या जड पाण्याने गीझरमध्ये आणि बादलीला जो पांढरा थर बसतो, तो मुख्यतः हाच. लिंबू किंवा व्हिनेगर लावलं की तो विरघळतो. पावसाचं पाणीही हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं हे चिकटण हळूहळू विरघळवतं. हिवाळ्यात फटीतल्या पाण्याचा बर्फ होऊन फुगतो आणि खडकाचे तुकडे निखळतात. हजारो वर्षं असं चाललं की भिंतीसारख्या उभ्या खडकात भोक पडतं आणि वर कमान राहते.

म्हणजे कमान कोणी बांधलेली नाही. गेलेल्या दगडानंतर जे टिकलं, ती कमान.

मग सगळंच का कोसळत नाही? चेक भूवैज्ञानिक यिर्झी ब्रुथान्स आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले आणि २०१४ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. वालुकाश्माच्या ठोकळ्यावर वजन ठेवून त्याची झीज केली, तर ज्या भागावर भार नाही तिथली वाळू सुटून जाते. ज्या भागावर भार आहे, तिथले कण एकमेकांत घट्ट अडकतात आणि झीज मंदावते. भार पेलणारा भाग मागे उरतो.

आता आपल्या कामाच्या दोन गोष्टी.

पहिली. डेलिकेट आर्च ही तिथली सगळ्यात प्रसिद्ध कमान, तिची उघडी जागा साधारण ४६ फूट उंच. १९५० च्या दशकात पार्कवाल्यांनी तिची झीज थांबवायला पारदर्शक प्लास्टिकचा लेप देता येईल का, याचा विचार केला होता. शेवटी तो सोडून दिला. व्यवहारात जमण्यासारखा नव्हता आणि निसर्गाला त्याच्या मार्गाने जाऊ द्यायचं, या त्यांच्या तत्त्वातही बसत नव्हता.

दुसरी. लँडस्केप आर्च ही लांबलचक, पातळ कमान आहे, पायथ्यापाशी सुमारे ३०६ फूट रुंद. १ सप्टेंबर १९९१ ला तिच्या खालच्या बाजूने जवळपास ६० फूट लांबीचा तुकडा कोसळला. त्यानंतर पार्कने कमानीखालून जाणारी वाट बंद केली. पडलेला तुकडा परत चिकटवला नाही. लोक आजही ती बघायला जातात, फक्त लांबून बघतात.

माझ्या मते 'गेलं' प्रकारच्या नुकसानाला हाच क्रम लागू पडतो. गेलेलं परत चिकटवत बसायचं नाही, वाट बदलायची.

आपल्या दुकानात याचा अर्थ काय?

१. लेप देऊ नका. ब्लीचने उडालेल्या ठिपक्यावर मार्करने रंग भरून, घडीत लपवून कपडा देऊ नका. पुढच्या धुण्यात तो उघडा पडतो आणि तेव्हा कपड्याबरोबर तुमचा शब्दही जातो.

२. कस्टमरने विचारायच्या आधी सांगा. वाक्य साधं ठेवा: "दादा, तुमच्या एका शर्टाला आमच्याकडून नुकसान झालंय. शर्ट वेगळा ठेवलाय. तुम्ही बघा, मग आपण भरपाईचं बोलू." मशीनवर, पाण्यावर किंवा कामवालीवर ढकलू नका.

३. भरपाईचा नियम आधीच ठरलेला हवा. बऱ्याच लॉन्ड्रींच्या पावतीमागे भरपाईची मर्यादा छापलेली असते. घरून काम करत असाल तरी दोन ओळी पावतीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कस्टमरला काम घेतानाच पाठवा. भारी साडी, लोकर, जरीचा कपडा घेताना तोंडीही सांगा.

४. उरलंय ते बघा. वितळलेली बाही कापून हाफ शर्ट होतो, डागाळलेला कुर्ता गडद रंगात रंगवून घेता येतो. हे कस्टमरला विचारून, तुमच्या खर्चाने. नको म्हणाला तर भरपाई. आटलेली लोकर मात्र पूर्ववत होत नाही. तिच्या धाग्यांवरचे बारीक खवले एकमेकांत गुंतलेले असतात, ओढून ताणून अंगच बिघडतं.

५. वाट बंद करा. ओढणी शर्टांत कशी गेली? रात्री थकून लोड भरला म्हणून? एकच बादली होती म्हणून? ती वाट शोधा. बंद करायला खर्च फार नाही: पांढरं, फिकं आणि गडद अशा तीन बादल्या, खिसे तपासायची सवय आणि नवीन रंगीत कपड्याची चाचणी. चाचणी म्हणजे कपड्याची आतली कड ओली करून त्यावर पांढरा रुमाल दाबायचा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा एकटाच धुवायचा. "मिठाच्या पाण्यात घातलं की रंग पक्का होतो" यावर विसंबू नका, रुमाल जे दाखवतो ते धरा.

आता त्या ताईंचा हिशेब पुन्हा करू. बारा शर्टांवर रंग चढला होता, कापड शाबूत होतं. घाबरून काही न ओतता भिजवले आणि समजा अकरा निघाले. बारावा आधीच एका कोपऱ्यात जुन्या ब्लीचने विरलेला होता आणि पुन्हा धुताना फाटला. एका शर्टाचे ७२०, शिवाय पुन्हा धुण्याचा खर्च. चार-पाच लोडची कमाई गेली, हे दुखतंच. पण त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं तर होस्टेलचं काम राहायची शक्यता खूप वाढते. धंद्यात सगळा भार त्या विश्वासावर असतो. बाकीचं थोडंफार झिजलं तरी चालतं, तो भाग सांभाळा.

आणि कधी गडावर गेलात तर नेढ्यात बसून दोन मिनिटं वारा घ्या. भोक पडलेला दगड आहे, तरी आपण तो बघायला घाम गाळून चढतो!

या आठवड्याचा होमवर्क

- वहीत दोन रकाने आखा: 'चढलं' आणि 'गेलं'. गेल्या सहा महिन्यांतले सगळे गोंधळ आठवून त्यात भरा.
- प्रत्येक 'गेलं' समोर रुपये लिहा आणि ती किती लोडची कमाई होती तेही लिहा.
- सगळ्यात महागडी वाट कोणती ते बघा आणि या आठवड्यात फक्त ती एक बंद करा.
- ब्लीचची बाटली आणि टॉयलेट क्लीनर आजच वेगवेगळ्या फळीवर ठेवा.

पुढच्या धड्यात इस्त्रीचा रेट कसा काढायचा ते बघू, वीज आणि कोळसा दोन्हींचा हिशेब धरून. वही तयार ठेवा. भेटूच!